बुटकं भात म्हणजे जीएम नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत भातशेतीवरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात एका ओळीत ‘हल्लीची बुटकी जीएम वाणं’ (जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेली) असं छापलंय आणि नेमकी तेवढीच ओळ आमच्या कळव्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस फिरतेय. शेजारच्या काकू विचारतायत, तांदूळ बदलू का. अहो, आपल्याकडे शेतकऱ्याला लावायला परवानगी असलेलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, भात नाही.

हे बुटकेपण मुळात निसर्गातच होतं. तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या जुन्या वाणात एसडी-१ नावाचं जनुक आपोआप अधू झालेलं होतं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ मध्ये त्याचा इंडोनेशियाच्या उंच ‘पेटा’शी संकर केला, पहिल्या पिढीत सगळी रोपं उंच आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक बुटकं, म्हणजे शाळेतला मेंडेलचा वाटाणाच की! त्यातून निवडत निवडत १९६६ ला आयआर-८ हे बुटकं वाण आलं. हे जनुक जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवायच्या कामातलं, ते कमी पडलं की पेरं लांबत नाहीत, बस एवढंच. (जिबरेलिनचा शोधही भाताच्याच एका बुरशीवरून लागला, ती लागली की रोपं भसाभस उंच होऊन मरायची, जपानमध्ये त्या रोगाचं नावच ‘वेडं रोप’.) गव्हाचं वेगळं, तिथे नोरिन-१० या जपानी वाणातून आलेली जनुकं आहेत, त्यात जिबरेलिन भरपूर असतं पण झाड त्याचं ऐकतच नाही.

आणि बुटकं हवं कशाला? माझं गाव शहापूर तालुक्यात. एका वर्षी बांधाच्या अलीकडे जुनं छातीएवढं भात, पलीकडे कमरेएवढं सुधारित, दोन्हीला युरिया सारखाच. परतीच्या पावसाने अलीकडचं सगळं लोळवलं, चिखलात पडलेल्या लोंब्यांना जागीच कोंब फुटले, पलीकडचं भिजलं पण उभं राहिलं.

तेव्हा दुरुस्ती छापा, प्लीज, ग्रुपवर टाकायला बरी. पेंढा कमी मिळतो ही तक्रार मात्र खरीय, माझा चुलतभाऊ म्हशींसाठी एक खाचर अजून उंच भाताचं ठेवतो आणि ते आडवं झालं की मला फोटो पाठवतो.

– एक वाचक, कळवा (ठाणे)