ग्रंथालयातल्या ताईंना, जाहीर आभार

प्रिय ताई,

कल चाचणीचा अहवाल आला आणि मी कोण आहे हे माझ्याआधी सगळ्यांना कळून चुकलं. तुम्ही मात्र उपदेश केला नाहीत. व्हेरोनिका रॉथची 'डायव्हर्जंट' (२०११) पुढ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "ही मुलगी कुठल्या गटात जाते ते राहू दे. जाताना बरोबर काय नेते ते बघ."

बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी ती मारामारीसाठीच वाचली असती!

भविष्यातलं शिकागो, माणसांचे पाच गट, सोळाव्या वर्षी चाचणी आणि मग जन्माची निवड. बिअ‍ॅट्रिस निःस्वार्थी लोकांच्या गटात वाढलेली. घरात आरसा एकच, तोही सरकत्या फळीमागे. दर तिसऱ्या महिन्यात, आई केस कापते त्या दिवशीच त्यात बघायची मुभा. स्वतःचा चेहरा बघणंसुद्धा जिथे स्वार्थ, तिथल्या मुलीला विचारायचं, तू कोण? तिच्या चाचणीतून एक उत्तर निघतच नाही, तीन गट निघतात. चाचणी घेणारी बाई तिला बजावते, हे कुणालाही सांगू नकोस.

मग ती शूरांच्या गटात जाते, सगळ्यांच्या आधी छपरावरून उडी टाकते, नाव सांगते 'ट्रिस', अंगावर गोंदवूनही घेते. बंडखोर मुलीच्या गोष्टीला एवढं पुरलं असतं. पण तुमचं वाक्य डोक्यात होतं म्हणून सुऱ्यांच्या प्रसंगाशी थबकले. तिच्याबरोबर शिकणाऱ्या, घाबरलेल्या अ‍ॅलला शिक्षा म्हणून सुरीफेकीच्या निशाण्यापुढे उभं करतात आणि ट्रिस त्याच्या जागी जाऊन उभी राहते. एक सुरी तिच्या कानाला चाटून जाते. पाहणाऱ्यांना तो बेडरपणा वाटेल. मला तर त्यात तिचं सोडून आलेलं घरच दिसलं. दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्यावर घेणं ती तिथेच शिकली होती. नाव बदललं, कपडे बदलले, हे काही सुटलं नाही.

प्रेमप्रकरण जरा लांबलंय, हे माझं मत कायम आहे. आख्खं शहर पाच खणांत बसेल हेही पटत नाही, असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही फक्त माझ्या हातातल्या अहवालाकडे बघून हसलात.

अहवाल अजून तोच आहे. घरचे विचारतात तेव्हा आता मी म्हणते, यातलं थोडं खरं आहे, बाकीचं मला बघू द्या. एवढं म्हणायचं बळ तुमच्यामुळे आलं. मनापासून आभार.

पुढचे दोन्ही भाग माझ्यासाठी बाजूला काढून ठेवाल ना?

तुमची,
एक वाचक