पॉलीहाऊसला कागद भलताच, प्रदूषण भलतीकडेच

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मराठवाड्यात संरक्षित शेती, म्हणजे जाळीच्या किंवा प्लास्टिकच्या आच्छादनाखालची शेती, आता नवलाईची राहिलेली नाही. जालना जिल्ह्यात शेडनेटखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते, अन्यत्र ढोबळी मिरची, काकडी आणि जरबेराची पॉलीहाऊस उभी आहेत. यांपैकी बहुतेक दहा-वीस गुंठ्यांची असून कर्ज आणि अनुदान यांच्या आधारावर उभारलेली आहेत. या शेतीला पर्यावरणाच्या दृष्टीने कोणती परवानगी लागते आणि कोणती लागत नाही, हे एका कागदावर लिहून देणारे कार्यालय मात्र अद्याप आमच्या पाहण्यात नाही. त्यामुळे जे विचारायला नको ते विचारले जाते आणि जे विचारायलाच हवे त्याकडे कोणी फिरकत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

कायद्याची स्थिती तशी फार अवघड नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये शेतीच्या इमारतीची जी व्याख्या आहे, तीत लागवडीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेले बांधकाम येते. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात खाणी, धरणे, कारखाने, मोठी बांधकामे यांची यादी आहे. पॉलीहाऊसचे नाव त्यात नाही. भूजलाबाबत केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी शेतीच्या उपशाला ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. असे असताना माझ्या कर्जप्रकरणात एका बँकेने प्रदूषणविषयक ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. ज्या कार्यालयाकडे मला पाठवण्यात आले, तेथे असे प्रमाणपत्र लागतच नाही, असे तोंडी सांगण्यात आले. तेवढेच लेखी द्या म्हटल्यावर, ‘लागतच नाही तर लेखी कशाचे देणार?’ असा प्रतिप्रश्न आला. तर्काला धरून असलेले हे उत्तर बँकेच्या फायलीला मात्र लावता येत नाही, आणि महाडीबीटी या शासकीय पोर्टलवर अनुदानासाठी मिळालेल्या पूर्वसंमतीची मुदत या हेलपाट्यांसाठी थांबत नाही.

एका ठिकाणी मात्र परवान्याचा प्रश्न खरोखरच येतो, आणि नेमके तेच नव्या शेतकऱ्याला कोणी आधी सांगत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून जरबेरासारख्या पिकाला ती चालत नाही. बेडसाठी, म्हणजे लागवडीच्या उंच वाफ्यांसाठी, लाल माती बाहेरून आणावी लागते. दहा गुंठ्यांना दीड फुटाचे बेड करायचे म्हटले तर नव्वद-शंभर ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती लागते. ही माती गौण खनिजांत मोडते आणि 2013 च्या राज्य नियमांनुसार तिच्या उत्खननाला परवानगी, स्वामित्वधन आणि वाहतूक पास लागतो. व्यवहारात शेतकरी टिप्परवाल्याशी फेरीचा भाव ठरवतो आणि पास त्याने काढला असेल असे गृहीत धरतो. गाडी रस्त्यात अडवली गेली की दंड कोणी भरायचा यावरून वाद सुरू होतो. ज्या टेकडीची माती ओरबाडली गेली, तिचा विषय या वादात निघतच नाही. कृषी विभागाच्या प्रकल्प आराखड्यात लाल मातीचा खर्च धरलेला असतो, तर तिथेच पासचा उल्लेख करायला काय अडचण आहे, हे समजत नाही.

याहून गंभीर बाब निचऱ्याच्या पाण्याची आहे. मातीऐवजी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) पिशव्यांत मिरची किंवा काकडी घेताना मुळांपाशी क्षार साचू नयेत म्हणून दिलेल्या खताच्या द्रावणाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून अधिक, मुद्दाम खालून वाहू दिला जातो. या पाण्यात नायट्रेट असते. परदेशात ते गोळा करून, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. आपल्याकडे ते पॉलीहाऊसच्या कडेच्या चरातून ओढ्याला किंवा थेट विहिरीच्या बाजूला जाते. चराच्या तोंडाशी उन्हाळ्यात पांढरा थर धरलेला आणि त्याखाली गर्द हिरवे शेवाळ माजलेले कोणालाही पाहता येईल. मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांमधून सरकते, मातीसारखे गाळून जात नाही. त्यामुळे आज चरात सोडलेले पाणी शेजारच्या आडात कधी उतरेल हे सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि गावातले कितीतरी लोक अजून आड-विहिरीचेच पाणी पितात. शेतीला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागत नाही म्हणून शेतकरी मोकळा झाला, असेही नाही. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यात विहिरीत किंवा प्रवाहात प्रदूषणकारी पदार्थ जाऊ देण्यास जी मनाई आहे, ती सर्वांनाच लागू आहे. बेड निर्जंतुक करताना वापरल्या जाणाऱ्या फॉर्मॅलिनचेही असेच आहे: ते किती, कधी आणि विहिरीपासून किती अंतरावर वापरावे, हे अनुदानाच्या तपासणीत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

प्लास्टिकचा हिशेब सोपा आहे. 200 मायक्रॉनचा पेपर, म्हणजे पॉलीहाऊसवरचे प्लास्टिकचे आच्छादन, चार-पाच वर्षांत निकामी होतो आणि दहा गुंठ्यांच्या पॉलीहाऊसवरून तो उतरवला की अडीचशे किलोंहून अधिक भरतो. भंगारवाला स्वच्छ पेपर नेतो. धूळ आणि औषधांचे थर बसलेला, चिंध्या झालेला पेपर नाकारतो. मग तो बांधावर, बहुधा रात्री, पेटवला जातो. नवा पेपर विकणाऱ्याने जुना परत घेण्याची अट अनुदानात घातली तर हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटेल, असे माझे मत आहे.

पाण्याच्या बाबतीत तर परवानगीऐवजी अटच अधिक उपयोगाची ठरेल. मराठवाड्याचा सरासरी पाऊस 680 मिलिमीटरच्या आसपास धरला, तर एक एकर पॉलीहाऊसच्या छतावर पडणाऱ्या पावसाचा 80 टक्के भाग धरल्यास सुमारे 22 लाख लिटर पाणी मिळते. 30 बाय 30 बाय 3 मीटरचे उतार धरून खोदलेले शेततळे जवळपास तेवढ्याच पाण्याने भरते. पन्हाळी आणि पाइप यांचा खर्च सांगाड्याच्या तुलनेत किरकोळ असतो. तरीही अनेक छतांवरचे पाणी पायालाच मुरते, सांगाड्याचे खांब खचवते, आणि मालक नव्या बोअरसाठी गाडी बोलावतो. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटर किंवा त्याहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. 60 मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. आमच्याकडे बोअर त्याच्या किती खाली जातात, हे गाडीवाले जाणतात आणि शासनही जाणते. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात छताचे पाणी न साठवणाऱ्या पॉलीहाऊसला अनुदान द्यावे काय, याचा विचार व्हायला हवा.

माझे काही सहकारी म्हणतील, आधीच भाव नाही, त्यात ही नवी कटकट कशाला? त्यांची धास्ती मला समजते; दहा गुंठेवाल्याला कारखान्यासारखी संमती घ्यायला लावणे अन्यायाचेच होईल. पण अनेक एकरांवर माती-विरहित लागवड, पॅकहाऊस, मोठा जनरेटर आणि शीतगृह चालवणारा प्रकल्पही निव्वळ शेती म्हणून सुटावा, हे पटत नाही. क्षेत्रफळ आणि लागवडीची पद्धत यांवरून सीमारेषा आखावी. लहान शेतकऱ्याला पूर्वसंमतीसोबतच एक लेखी पत्र मिळावे, ज्यात कोणती परवानगी लागत नाही हे स्पष्ट असेल आणि छताचे पाणी, निचऱ्याचे पाणी गोळा करण्याचा खड्डा व जुना पेपर यांविषयीच्या अटी असतील. अनुदानासाठी मोका तपासणी होतेच; त्याच वेळी या अटीही पाहाव्यात. हे पत्र महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित सेवा करावे, म्हणजे मुदतीत न मिळाल्यास अपील करता येईल, आणि तेच पत्र बँकांनी ग्राह्य धरावे.

कृषी, महसूल, भूजल सर्वेक्षण आणि प्रदूषण नियंत्रण या चार यंत्रणांसह जिल्हा अग्रणी बँकांची एक बैठक विभागीय आयुक्तांनी बोलवावी आणि पुढील पूर्वसंमत्या निघण्याआधी या पत्राचा नमुना ठरवून घ्यावा, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पॉलीहाऊसधारक शेतकरी,
जि. जालना