प्रपोजल वाचलं, आता माझं ऐक

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तुझ्या मंडळीसाठी परदेशातून ग्रँट मागायचं तुझं प्रपोजल काल रात्री व्हॉट्सॲपवर आलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, पप्पांना पण मोठ्यानं वाचून दाखवलं, ते "इंग्रजी झक्कास आहे" म्हणाले आणि झोपले. मी पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीत, अकरा वर्षं खजिनदार होते, त्यामुळे माझी नजर सरळ बजेटवर जाते, त्याला काय करणार.

तरुणांचं लीडरशिप ट्रेनिंग, संडे स्कूलच्या शिक्षकांचं शिबिर, घरोघरच्या प्रार्थनासभा, सगळं पाहिजेच आहे. पण तीन वर्षांचे १२ लाख, त्यातले निम्मे प्रोजेक्टर, लॅपटॉप न् बाहेरच्या वक्त्यांच्या येण्याजाण्यात. आणि शिक्षकांना महिना हजार रुपये मानधन. तिथं मी अडकले बघ.

तू चौथीत असशील, आपल्या मंडळीला अशीच ग्रँट मिळाली होती. त्याआधी चार बाया दर रविवारी पोरांकडून वचनं पाठ करून घ्यायच्या, फुकट, वर गोळ्या-बिस्किटं स्वतःच्या पैशानं. मग मानधन सुरू झालं, मस्टर आलं, सह्या आल्या. तीन वर्षं झोकात. ग्रँट संपली त्या जूनमध्ये चौघींतली एकच आली. वाईट बाया नव्हत्या रे, पण एकदा कामाला दर लागला की तो बंद झाल्यावर माणसाला कामावरून काढल्यासारखंच वाटतं. त्यातला कॉम्प्युटर अजून चर्चच्या मागच्या खोलीत आहे, वर झालरीचं कव्हर आणि आतल्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

दुसरं, कायद्याचं. २०२० मध्ये एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, दुरुस्ती झाली तेव्हापासून परदेशातला पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावा लागतो, ऑफिसखर्चाला २० टक्क्यांच्या वर जाता येत नाही (आधी ५० होते), आणि एका संस्थेनं घेतलेला पैसा पुढं दुसरीला देता येत नाही. तू लिहिलंयस "ओळखीच्या संस्थेमार्फत घेऊ". तसलं काही करू नकोस, आधी डायोसिसच्या (आपल्या धर्मप्रांताच्या) ऑफिसात जाऊन अकाउंटंटसमोर बस.

आपल्या नगरला अमेरिकन मिशन १८३१ पासून, त्यामुळे "मिशन देईल" हे आपल्या लोकांच्या तोंडात बसलेलंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, आपल्या ख्रिस्ती कवींनी, १९१७ ला मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला, पण आपण त्यांची गीतं तेवढी गातो, हे सोयीनं विसरतो. तिकडं मिझोरामच्या बाया १९१० पासून स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींचे मिळून केवढे पैसे उभे राहतात. आपली आजी पण भाकरी थापायला बसली की आधी एक मूठ पीठ निळ्या झाकणाच्या डब्यात टाकायची, डबा भरला की पाळकसाहेबांच्या घरी.

म्हणून म्हणते, माग, पण कमी माग. शिबिराचं जेवण, पुस्तकं, आणि तुझ्याकडं ती शिवणकाम करणारी बाई पोरांना गीतं शिकवते म्हणालास ना, तिची टाफटीच्या, म्हणजे घरबसल्या बायबलचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, कोर्सची फी. बंगलोरची टाफटी १९७१ पासून हेच करतेय, घरी अभ्यास करायचा न् आठवड्यातून एकदा जमायचं, घरदार सोडून सेमिनरीत जावं लागत नाही. मानधनाची लाइन खोडून टाक. आणि मंडळीचा वाटा दाखव, पहिल्या वर्षी दहा टक्के, दुसऱ्या तीस, तिसऱ्या साठ. चाळीस घरांना झेपेल का असं तू म्हणशील. अरे, कापणीच्या सणाच्या लिलावात तुझ्याकडंच एक भोपळा चारशेला गेला, तो घेणारा काय भोपळ्यासाठी घेत होता का? कमिटीसमोर आकडा ठेव, चिडतील, एकदोघं उठून पण जातील, जाऊ दे.

पप्पा रविवारी येतायत, माझी जमाखर्चाची वही पाठवतेय, ग्रँटच्या वर्षांची पानं दुमडून ठेवलीत. सोबत पीठ न् शेंगदाण्याची चटणी आहे. डबे परत पाठव, मागचे दोन अजून आले नाहीत.

तुझी,
आई