काळी गाठ, पण घाई नको

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काल फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला, म्हणून सविस्तर लिहितोय. शस्त्रक्रियेत ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, उघडल्यावर समोर काळीकुट्ट गाठ दिसली की मेलॅनोमाच, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोगच, मनात येणार. पण रंगावरून काही ठरवू नकोस, आणि तुझ्या पेशंट बाईंच्या घरच्यांपाशी इतक्यात तो शब्द काढू नकोस.

मेंदूच्या आवरणांत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मुळातच असतात, तळाकडे आणि मानेतल्या मज्जारज्जूवर जास्त. त्यांच्यापासून मेलॅनोसायटोमा ही सौम्य गाठही होते. १९७२ साली लिमास आणि टिओ यांनी तिला हे नाव दिलं. एमआरआयवर भरवसा ठेवता येत नाही. मेलॅनिनमुळे सौम्य आणि घातक दोन्ही गाठी टी-वन प्रकारच्या एमआरआय चित्रांवर उजळ दिसू शकतात.

तू पाठवलेल्या गाठीच्या स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली रंगद्रव्य इतकं दाट होतं की पेशींची केंद्रकंच दिसेनात. पोटॅशियम परमँगनेटने ब्लीच करून, म्हणजे रंग उडवून, घेतली, तेव्हा चित्र उघडलं: लांबट पेशींचे घट्ट पुंजके, केंद्रकं एकसारखी. सगळ्यात काळ्या पेशी तर गाठीच्या नव्हत्याच, रंगद्रव्य गिळून बसलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी, होत्या! कितीतरी फील्ड पाहिली. मायटोसिस (पेशींचं विभाजन) नाही, नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचे भाग) नाही. रंगद्रव्याच्या पेशी ओळखणारी एचएमबी-४५ चाचणी पॉझिटिव्ह, ईएमए चाचणी निगेटिव्ह, म्हणजे मेनिन्जिओमा, ही मेंदूच्या आवरणांची नेहमीची गाठ, नाही. केआय-६७ साठी, म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण मोजायला, मुद्दाम लाल क्रोमोजेन (रंग देणारं रसायन) वापरला, कारण नेहमीचा तपकिरी रंग मेलॅनिनमध्ये मिसळून फसवतो. ते प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे.

एक अडचण आहे. तू पाठवलेल्या तुकड्यांत मेंदूची ऊती जवळजवळ नाही. पेशी मेंदूत घुसल्या असतील तर गाठ सौम्य म्हणता येत नाही, मधल्या दर्जाची धरावी लागते. कडेचा तुकडा राखून ठेवला असशील तर आजच पाठव.

दुसरं, ही गाठ दुसरीकडून पसरलेली नाही ना हे पाहायला बाईंची त्वचा आणि डोळे नीट तपासून घे. बीआरएएफ या जनुकाचा बदल सापडला तर त्वचेतून आलेल्या मेलॅनोमाचा संशय बळावतो. जीएनएक्यू या जनुकाचा बदल आवरणांतल्या गाठीत सापडतो, पण डोळ्यातल्या मेलॅनोमातही तोच असतो; त्यामुळे नेत्रपटलाची तपासणी टाळता येणार नाही.

सौम्य ठरली तरी ही गाठ पुन्हा उगवू शकते. थोडी शिल्लक राहिली असेल तर रेडिएशनचा विचार करावा लागेल, आणि एमआरआय नियमित हवाच. बाईंना हे स्पष्ट सांग. त्या समजूतदार आहेत असं तूच म्हणालास. तुकडा पोचला की त्याच दिवशी बसतो.

तुझा मित्र