नवतपा आणि ४५६ रुपये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवतपा, म्हणजे उन्हाच्या कडाक्याचे नऊ दिवस, लागतो २५ मेच्या आसपास. बँकाही साधारण २५ ते ३१ मेदरम्यानच प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे (आयुर्विमा) ४३६ आणि सुरक्षा विम्याचे (अपघात विमा) २० असे ४५६ रुपये खात्यातून कापतात. नागपुरातल्या रोजंदारीच्या घरात वर्षातला सगळ्यात कोरडा आठवडाही हाच. दुपारी बारानंतर स्लॅबवर उभे राहवत नाही, ठिय्यावरून, म्हणजे मजुरांच्या नाक्यावरून, अर्धी माणसे काम न मिळता परततात आणि लग्नसराईचे आहेर तेवढ्यात देऊन झालेले असतात. खात्यात ३९० रुपये उरलेले असतील, तर जीवनज्योतीचा विमा तिथेच तुटतो. घरच्यांना ते कळते माणूस गेल्यावर, दोन लाखांचा दावा घेऊन शाखेत गेल्यावर.

गरिबाला बचतीची सवय नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. ज्या बाया दर आठवड्याला भिशीचे पैसे न चुकता भरतात, त्यांना सवय कोण लावणार? चुकते ते तारखांचे गणित. पैसा येतो दिवाळी ते मार्च आणि कापला जातो मेमध्ये.

विम्यासाठी हप्त्यांपासून वेगळे खाते ठेवावे. मोबाइलचा किंवा फ्रिजचा मासिक हप्ता ज्या खात्यातून जातो, तिथे पैसे कमी पडले की हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि विम्यासाठी ठेवलेले पैसे त्या दंडातच जातात. वेगळे खाते किमान शिलकीची अट नसलेले, म्हणजे जनधन किंवा मूलभूत बचत खाते असावे. साधे खातेही शाखेत अर्ज देऊन तसे बदलून मिळते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. दोन बँकांत दोनदा जीवनज्योती घेण्यातही अर्थ नाही. हप्ता दोनदा कापला जातो, भरपाई एकदाच मिळते.

विमा तुटला असेल तर पुढच्या मेपर्यंत थांबू नये. जून ते ऑगस्टमध्ये पूर्ण ४३६, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८ आणि मार्च ते मेमध्ये ११४ रुपये भरून पुन्हा सहभागी होता येते. वयाची अट १८ ते ५० आहे. पन्नाशीच्या आत घेतलेला विमा ५५ पर्यंत चालवता येतो, म्हणून ५२ व्या वर्षी तुटला तर तो गेलाच. शिवाय नव्याने घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघाती मृत्यू सोडून इतर मृत्यूला भरपाई नसते. मे चुकवण्याची खरी किंमत ही आहे, ४३६ रुपये नव्हे.

वीस रुपयांच्या सुरक्षा विम्यात दावे अडतात ते कागदांवर. रस्ता अपघातात एफआयआर किंवा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. साप चावला किंवा झाडावरून पडून जीव गेला, तर निदान दवाखान्याची तात्काळची नोंद तरी हवी. घाईत थेट घाटावर नेले की पुरावा उरत नाही. वारस म्हणून वारलेल्या सासूचे नाव तसेच राहिलेले असते, तेही वेळीच बदलून घ्यावे.

आता बचतीचे. पोस्टाची आवर्ती ठेव (आरडी) महिना १०० रुपयांपासून सुरू होते. ६.७ टक्के दराने महिना ५०० भरले, तर पाच वर्षांत ३०,००० चे सुमारे ३५,६८३ होतात. हप्ता चुकला तर शंभराला महिना १ रुपया दंड. तो जड नाही. जड आहे ते सलग चार हप्ते चुकणे. मग खाते बंद पडते आणि दोन महिन्यांत सुरू केले नाही तर पुढे भरताच येत नाही. एप्रिल ते जुलै म्हणजे नेमके चार महिने! यावर पोस्टातच उपाय आहे, पण तो फारसा कोणी सांगत नाही. सहा हप्ते आगाऊ भरले तर शंभराच्या हप्त्यामागे १० रुपये सूट मिळते, बारा भरले तर ४०. जानेवारीत हाताला काम असताना ५०० च्या खात्यावर २,९५० भरून टाकले, की जूनपर्यंत चिंता नाही. आमचा सल्ला त्याहून पुढचा: ५०० चे एक खाते काढण्याऐवजी ३०० आणि २०० ची दोन काढा. तीन वर्षांआधी खाते मोडता येत नाही, नंतर मोडले तर बचत खात्याचेच व्याज मिळते. अडचणीत एक मोडले तरी दुसरे वाचते. वर्षभर बारा हप्ते भरले असतील तर जमा रकमेच्या निम्मे कर्जही मिळते. शाळा उघडताना सावकाराकडून महिना शेकडा दहाने १०,००० उचलले तर वर्षाचे नुसते व्याजच १२,००० होते, हे ज्याने त्याने मांडून पाहावे.

रोज दुकानावर येणाऱ्या एजंटकडे पैसे देणाऱ्यांनी पावतीवर ‘बँक’ लिहिले आहे की ‘पतसंस्था’, हे वाचावे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही.

घरकामाच्या बाईला, चौकीदाराला, ड्रायव्हरला किंवा दुकानातल्या पोराला मदत करू इच्छिणाऱ्यांनी २० मेपूर्वी ४५६ रुपये त्यांच्या विम्याच्या खात्यात परस्पर टाकावेत. हातात दिले तर ते कूलरच्या ताट्यांत जातील आणि त्यात त्यांचा दोष नाही. बँकांनी १५ मेला मराठीतून संदेश पाठवावा. मनपाच्या बचत गटांच्या कार्यकर्त्यांनी मेच्या पहिल्या बैठकीत कर्जाच्या वहीबरोबर प्रत्येकीचे पासबुकही उघडून पाहावे. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुकात नोंद छापून ४३६ आणि २० अशा दोन्ही वजावटी दिसतात का, ते बघावे. नुसत्या एसएमएसवर विसंबू नये. खात्याला जोडलेला नंबर बऱ्याचदा कधीच बंद पडलेला असतो.

आपले,
बचत गटांसोबत काम करणारे काही कार्यकर्ते, नागपूर