सुध्या, कात्री माझीच

प्रिय सुध्या,

चार महिने ना पत्र, ना फोन. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. इकडं सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

तू दिलेला तो ड्रोनचा रिसीव्हर भंगार आहे, असं मी पक्यापासून वहिनीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. सत्तर-ऐंशी मीटरला गेला की ड्रोन कान पाडायचा. गेल्या आठवड्यात बांधावरून उडवला, तर ऐन उसाच्या फडावर फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नलच तुटला! मोटारी बंद, धोंड्यासारखा खाली. बझर बॅटरी संपेपर्यंत रडला, पण आवाज नेमका कुठल्या सरीतून येतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन संध्याकाळी पाल्यानं हात चिरून घेतले तेव्हा सापडला.

उघडला. अँटेनाच्या वायरचं जाळी सोललेलं टोक 2.4 गिगाहर्ट्झला साधारण 31 मिलिमीटर हवं. पट्टी लावली तर 14! मग आठवलं, पात्यात अडकतेय म्हणून उन्हाळ्यात मीच ती वायर छाटली होती. सुध्या, नेलकटरनं! आणि उरलेलं टोक फ्रेमच्या दांडीला झिपटायनं करकचून आवळलेलं. कार्बनची दांडी, म्हणजे सिग्नलपुढं भिंतच.

त्याआधी शहाण्यानं काय करावं? ट्रान्समीटरची पॉवर 25 मिलिवॉटवरून 100 केली. चौपट पॉवरला अंतर मिळतं फार तर दुप्पट, तेही मोकळ्या रानात. रिमोटचा अँटेना तर बंदुकीसारखा ड्रोनवर रोखून उभा राहायचो. असल्या दांड्यासारख्या अँटेनाच्या शेंड्याकडंच सिग्नल सगळ्यात कमी, तो ड्रोनच्या दिशेशी काटकोनात ठेवायचा असतो. पण आपल्यावर संस्कार गच्चीवरच्या टीव्ही अँटेनाचे ना! तू वर पाइप फिरवतोयस, मी खालून ओरडतोय, ‘मुंग्या! अजून मुंग्याच!’ शेवटच्या ओव्हरला तू पाइप सोडलास, हे मी अजून विसरलेलो नाही. वारा होता म्हणे.

असो. नवी वायर टाकली, टोक प्लॅस्टिकच्या नळीत घालून कार्बनपासून दूर, उभं. पॅकेट रेट, म्हणजे रिमोट सेकंदाला किती निरोप धाडतो तो आकडा, 500 वरून 150 वर आणला, म्हणजे हात किंचित उशिरा लागतो पण बारीक सिग्नलही पकडतो. काल विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत गेला, लिंक क्वालिटी, म्हणजे शंभरातले किती निरोप पोचले ते, नव्वदीच्या खाली आली नाही. त्यापुढं ठिपकाही दिसेना, म्हणून मुकाट परत आणला.

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीची दहावी याच वर्षी ना? वहिनींना नमस्कार.

रिसीव्हर चांगला निघाला, हे पक्याला अजून बोललेलो नाही. तूही बोलू नकोस.

तुझा,
नंद्या