नीखालची रेघ

लाइपझिग,
15 जून

ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर मी "लिहून कळवते" म्हटलं आणि तू लगेच "काय गं, बरी आहेस ना?" म्हणून काळजीत पडलीस. मी ठणठणीत आहे. फोनवर सांगितलं नाही ते एवढ्याचसाठी की त्यात एक रेघ आहे. अक्षराच्या खाली काढायची, आडवी, नखाएवढी. ती काढूनच दाखवावी लागते.

आधी घरचं. भाजणी संपत आली, मेतकूट आहे अजून. मागच्या रविवारी श्रीखंड केलं. इथे चक्का दुकानात डब्यात तयार मिळतो. जरा पाणचट असतो, म्हणून मी तो रात्रभर बाबांच्या जुन्या पंच्याच्या तुकड्यात बांधून सिंकच्या नळाला टांगते. चव मात्र आपल्या चक्क्याच्या फार जवळची. जर्मनमध्ये त्याचं नाव क्वार्क. पहिल्यांदा डबा हातात घेतला तेव्हा मी दुकानातच थबकले, कारण क्वार्क म्हणजे माझ्या लेखी प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण. 1964 साली मरे गेल-मान या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिलं. त्याच्या मनात आधी नुसता आवाज होता, तो लिहायचा कसा हे ठरलं नव्हतं. मग जेम्स जॉइस या आयरिश लेखकाच्या 1939 च्या कादंबरीत, समुद्रपक्ष्यांच्या एका गाण्यात, तो शब्द त्याला लिहिलेला सापडला. तिथे ते क्वार्क होते तीन, आणि प्रोटॉनमध्येही तीनच. त्याच वर्षी जॉर्ज झ्वाइगनेही स्वतंत्रपणे हेच कण मांडले होते आणि नाव ठेवलं होतं पत्त्यांतल्या एक्क्याचं. एक्का मागे पडला, पाखरांचं ओरडणं टिकलं. मला ते योग्यच वाटतं. जी वस्तू कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिला आधीच्या अर्थाचं ओझं नसलेलं नाव बरं.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

गेल्या महिन्यात सर आम्हाला वक्र पृष्ठभागांची भूमिती शिकवत होते. त्यात अक्षरांना बारीक आकडे चिकटलेले असतात, काहींच्या डोक्याशी, काहींच्या पायाशी. डोक्याशी असलेला आकडा पायाशी उतरवायचा असला की सर एक खूण करतात आणि पायाशी असलेला वर चढवायचा असला की दुसरी. पहिली खूण म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनातली कोमलची, दुसरी तीव्रची. खाली उतरवायचं म्हणून कोमल, वर चढवायचं म्हणून तीव्र. या अदलाबदलीला गणितात नावच आहे, सांगीतिक समरूपता. वर्गातल्या बाकीच्यांनी ती खूण वहीत उतरवून घेतली. माझ्या हाताने मात्र माझ्या नकळत अक्षराखाली आडवी रेघ ओढली होती. आई, कोमल म्हटलं की माझ्या हाताला तीच येते.

घरी आल्यावर तुझी गाण्याची दोनशेपानी वही काढली. मी निघाले तेव्हा तू ती भाजणीच्या पिशव्यांमध्ये सरकवली होतीस आणि मला विमानतळावरही बोलली नव्हतीस. अजून तिला मेतकुटाचा वास येतो. रात्री दोनपर्यंत वाचत बसले. गायले नाही, शेजारी झोपले होते. नुसती वाचली, जशी मी इथे गणिताची पानं वाचते. कोमल स्वराखाली आडवी रेघ. तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. शाळेच्या वहीत फुली म्हणजे चुकलं. तुझ्या वहीत फुली म्हणजे गाणारा आणि वाजवणारा जिथे येऊन भेटतात ती जागा. पं. भातखंड्यांनी वकिली बाजूला ठेवून देशभर फिरून बंदिशी जमवल्या, हे तू आम्हाला क्लासमध्ये सांगायचीस. तेव्हा मला ती नुसती माहिती वाटायची. आता कळतं की कंठातली गोष्ट कागदावर आणायची तर किती थोड्या खुणांत आणायची याचा त्या माणसाने किती विचार केला असेल. जेवढ्या खुणा कमी, तेवढं दुसऱ्याला गाता येतं. चांगल्या गणिताचंही असंच असतं.

आणि बाबांना विचार, त्यांच्या रुद्राच्या पोथीतही याच दोन रेघा आहेत की नाही. अक्षराखाली आडवी म्हणजे अनुदात्त, डोक्यावर उभी म्हणजे स्वरित. श्रावणी सोमवारी कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन आले की बाबा पुढच्या खोलीत पोथी उघडायचे आणि मागच्या खोलीत तुझा क्लास चालू असायचा. मधे फक्त पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना अक्षराखाली आडवी रेघ दिसली की आवाज खाली जायचा. मी मधल्या दारात बसून पाढे लिहायचे, मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं.

आता 'नी' हे अक्षरच घे. इथल्या ग्रंथालयात भास्कराचार्यांच्या बीजगणिताची एक प्रत आहे, देवनागरीतली. हा ग्रंथ 1150 चा. आपण शाळेत ज्याला एक्स म्हणतो, त्याला ते म्हणतात यावत्तावत्, म्हणजे जितकं असेल तितकं, आणि लिहिताना नुसतं 'या'. एकाहून जास्त अज्ञात संख्या आल्या की पुढच्यांना रंगांची नावं. कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहायचं का, नी, पी, लो. म्हणजे तुझ्या वहीतला नी निषाद आणि भास्कराचार्यांच्या समीकरणातला नी निळा! संख्या उणे असेल तर ते आकड्याच्या डोक्यावर टिंब देतात. तू तेच टिंब स्वराच्या डोक्यावर देतेस आणि तो तार सप्तकात जातो. न्यूटनने अक्षरावर टिंब दिलं तेव्हा त्याचा अर्थ झाला, ही गोष्ट क्षणाक्षणाला किती वेगाने बदलतेय. टिंब तेच. मी त्या पानावर नी शोधत शोधत बोट फिरवत होते आणि मला आपल्या घरातली पेटी ऐकू येत होती.

शब्दांचंही तसंच आहे. आजी सर्दी झाली की हेमगर्भाची मात्रा सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची. तू म्हणायचीस तीनतालाच्या सोळा मात्रा. शाळेत बाई वृत्तं शिकवताना सांगायच्या, लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आणि 'के' लिहिताना क वर द्यायची तीही मात्राच. औषध, ताल, कविता, लिपी, चारही ठिकाणी एक शब्द. मूळ धातू 'मा', मोजणे. हे कळल्यावर मला आजीची मात्रा वेगळी दिसायला लागली. दगडावर किती वळसे उगाळायचे ते ती मोजायची, आठवतं? ओठ हलायचे तिचे.

बरं, आता त्या रेघेकडे येते.

योहान सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार या गावात 1723 पासून 1750 मध्ये जाईपर्यंत राहिला. सेंट थॉमस चर्चच्या मुलांना गाणं शिकवणं हे त्याच्या कामाचाच भाग, म्हणजे म्हटलं तर तुझ्यासारखाच क्लास. त्याची समाधीही आता त्याच चर्चमध्ये आहे. जूनमध्ये इथे त्याच्या संगीताचा मोठा उत्सव असतो. काल संध्याकाळी मी त्याची शेवटची मोठी फ्यूग ऐकायला गेले होते. फ्यूग म्हणजे एकच मुखडा एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांनी उचलायचा आणि सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या वाटेने पुढे न्यायचा.

इथे स्वरांना अक्षरांची नावं आहेत हे तुला माहीत आहे. जुन्या काळी बी हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहायचे. स्वर कोमल असेल तर गोल पोटाचं, शुद्ध असेल तर चौकोनी पोटाचं. गोल पोटाचं बी म्हणजेच पुढे कोमलची खूण झाली, आमच्या सरांनी फळ्यावर काढली ती. चौकोनी बीपासून शुद्धची आणि तीव्रची खूण निघाली. आणि जर्मन मुलखात ते चौकोनी बी एचसारखं दिसत गेलं, इतकं की त्या शुद्ध स्वराचं नावच एच पडलं. म्हणून बी, ए, सी, एच हे चार स्वर जर्मनमध्ये वाजवले की एक आडनाव तयार होतं. बाख.

पेटीवर काढून बघ. काळी पाच, पांढरी सहा, वरच्या सप्तकातली पांढरी एक, मग पांढरी सात. पांढरी एकचा सा धरलास तर

नी॒ ध सां नी

असं येतं. पहिल्या नीखाली रेघ आहे, शेवटच्या नीखाली नाही. हीच ती रेघ.

तू म्हणशील, सा पांढरी एकचाच कशावरून? बरोबर आहे. ती रचना पांढरी दोनच्या घरातली आहे, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखा तानपुऱ्याचा अढळ सा नसतोच. पण तिथे बसल्यावर माझ्या कानाने सा तिथेच धरला, त्याला मी काय करू.

बाखने आपलं नाव त्या फ्यूगमध्ये स्वरांनी लिहिलंय. 'तुका म्हणे' जसं अभंगाच्या शेवटी येतं तसंच, फक्त शब्दांशिवाय. आपल्या बंदिशींतही 'सदारंग' असं रचणाऱ्याचं नाव येतं, पण ते शब्दांत येतं, सुरांत नाही. इथे सूरच नाव आहेत. पुढे रशियाच्या शोस्ताकोविच या संगीतकाराने हीच युक्ती आपल्या नावाची केली. 1960 मध्ये इथून जवळच, ड्रेस्डेनच्या बाजूच्या एका गावात, तीन दिवसांत त्याने चार तंतुवाद्यांची एक चौकडी लिहिली. ती सुरूच होते त्याच्या नावाने. रे, कोमल ग, सा आणि खालचा नी. तेही वाजवून बघ, अंगावर येतं.

बाखची ती फ्यूग मात्र अपुरी आहे. नाव येतं, इतर मुखड्यांशी गुंफलं जायला लागतं, आणि थोड्याच वेळात हस्तलिखित मधेच थांबतं. त्याच्या मुलाने त्या पानावर लिहून ठेवलंय की इथे नाव आलं आणि लिहिणारा गेला. आजचे अभ्यासक म्हणतात ते काही अक्षरशः तसं नाही. काल वादकाने ती जिथे थांबते तिथेच थांबवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी गुडघ्यावर बोटांनी तेच चार सूर परत परत धरत होते, आणि पाचव्यांदा की सहाव्यांदा माझं बोट आपसूक चुकलं. मी नी॒ ध सां नी ऐवजी नी॒ ध नी सां धरलं.

आई, तो मियाँ मल्हार आहे.

तेच चार स्वर. दोन्ही निषाद, शेजारी शेजारी, मधे धैवत. फक्त शेवटचे दोन उलटे. तुझा मल्हार शुद्ध नीवरून सांवर जाऊन टेकतो, आणि तिथे पोचला की पाऊस पडल्यासारखं होतं. बाखचं नाव सांला शिवतं आणि परत नीवर येऊन उभं राहतं. उघड्या दारात उभं राहावं तसं. मला चर्चमध्ये रडू आलं. शेजारच्या आजींनी रुमाल दिला. त्यांना वाटलं बाखमुळे.

दहावीच्या वर्षी मी क्लास सोडला तेव्हा तू काही बोलली नाहीस. पेटीला गवसणी घातलीस आणि माझी सतरंजी गुंडाळून माळ्यावर ठेवलीस. प्रवेशिका पूर्ण झाली होती, मध्यमाचा फॉर्म भरायचा होता. इतकी वर्षं मला वाटत राहिलं की मी तुझं काहीतरी अर्ध्यात टाकून आले. आज मला तुला सांगायचंय की खूण बघितली की तिच्यामागे आवाज असतो, हे मला तू शिकवलंस. इथे माझ्याहून हुशार मुलं आहेत, पण त्यांना फळ्यावरची अक्षरं मुकी दिसतात. मला ती तशी कधीच दिसली नाहीत.

ठाण्यात पाऊस सुरू झाला असेल. तलावपाळीला भजीच्या गाड्यांवर गर्दी असेल आणि बाबा डॉक्टरांना न सांगता खाऊन येत असतील, त्यांना माझ्यातर्फे रागव. त्यांचा गुडघा कसा आहे ते नीट कळव, "बरा आहे" एवढंच नको.

आणि एक संध्याकाळ क्लासला सुट्टी दे. खिडकी उघडी ठेव. पेटी काढून मी सांगितले ते चार सूर आधी वाजव, मग तुझ्या काळी चारला मल्हार गा, आणि दादाला ते रेकॉर्ड करून पाठवायला सांग. रिक्षांचे आवाज आले तरी चालतील.

तुझी लेक

ता. क. वहीत मल्हारच्या पानावर तिसऱ्या ओळीत दुसरा जो नी आहे, त्याच्याखाली काहीतरी पुसट दिसतंय. रेघ आहे की पान दुमडल्याची खूण, मला उजेडात धरूनही कळत नाही. कोमल की शुद्ध, तेवढं कळव.